पोच

रजिस्टरी आली. पोस्टमननं माझी सही घेतली
आणि पारावर बसलेल्या सगळ्यांना कळलं
की विद्यापीठ मला नावानं ओळखतं.

"परीक्षा गैरप्रकार चौकशी समितीपुढे
समक्ष हजर राहावे."
समक्ष या शब्दावर मी दोन दिवस अडून होते.

दर्यापूरच्या वकिलानं दोन हजार सांगितले
आणि एक वाक्य:
म्हण, चिठ्ठी माझी नाही.

मग आई मला उकंडराव तायड्यांकडे घेऊन गेली.
एकतीस वर्षं परीक्षा विभागात शिपाई,
आता दोन शेळ्या, एक डोळा अधू.
समितीच्या दाराबाहेर, स्टुलावर
बसून गेली सगळी नोकरी.
आत चहा न्यायचा, बाहेर रडणं ऐकायचं.

"अक्षर कोनाचं?"
माझं.
"मंग वकील काय तुह्या हाताले दुसरं अक्षर लावून देनार हाय?
पेपर अन् चिठ्ठी शेजारी-शेजारी ठेवतात, पोरी.
म्या सोता ठेवल्या हायेत."

"पाह्यलं का तिच्यात?"
म्हटलं, चौथ्या घटकाची होती.
प्रश्न सगळे दुसऱ्यातून आले.

उकंडराव इतके हसले की शेळीनं चारा सोडला.
मग आई.
मग, पत्र आल्यापासून पहिल्यांदा, मी.
"हेच लिहाचं," ते म्हणाले.

माझा अर्ज त्यांनी उन्हात, चांगल्या डोळ्यापुढे धरला.
'मी अत्यंत गरीब' वर काट.
"दिवसाले चाळीस गरीब येत. त्याईचं पान कोनी पलटवत नाही."
'आपल्या पाया पडते' वर काट.
'पुन्हा असे होणार नाही' राहू दिलं,
फक्त विचारलं, "नाही ना?"

तीन प्रती. एक समितीला, एक कॉलेजला,
एकीवर आवक-जावकच्या खिडकीत शिक्का.
"शिक्का बसल्याबिगर खिडकी सोडाची नाही.
सयी मागतीन त आधी वाच.
मधल्या खुर्चीवाला वरडते, मनावर घेऊ नोको.
कोपऱ्यातली बाई लिहून घेते, तिच्याकडं पाहून बोल.
बस म्हनलं त बस."

आणि नाही म्हटलं तर?

तंबाखू मळता मळता त्यांचा अंगठा थांबला.
"तरी बस.
खुर्ची काही त्याईच्या घरची नाही."

फी विचारली, तर चौथी प्रत मागितली.
एवढे अर्ज आत नेले,
वाचायला एकही मिळाला नव्हता.

खिडकीवर आता 'जेवणाची सुट्टी' ही पाटी लागली आहे.
मी उभी आहे.
मागे धारणीकडचा एक पोरगा,
त्याच्या हातातल्या कागदाची पहिली ओळ मला उलटी दिसते:
मी अत्यंत गरीब.

पेन माझ्याकडे आहे.
अजून काढलेलं नाही.