तिसरी प्रत

बाबा रूसेच्या बंदरात धान्याच्या काट्यावर होते.
बार्ज लागायची, गहू उतरायचा,
ते आकडा लिहायचे, शिक्का मारायचे
आणि त्याच वहीच्या मागच्या पानांवर
गुरूच्या एका चंद्रावर गाव वसवायचे,
डॅन्यूबइतक्याच मातकट नदीच्या काठी.

सतरा कादंबऱ्या. खिशात मावणाऱ्या,
दुसऱ्या वाचनाला पानं सुटणाऱ्या.
मुखपृष्ठावर दर वेळी तेच रॉकेट,
कारण चित्रकाराला तेवढंच जमायचं.

सोफियाहून कॉम्रेड ग्रोझेव यायचे, तांबडी पेन्सिल घेऊन.
'मंगळावर माशांसाठी रांग कशी काय?'
'मासे कमी आहेत म्हणून.'
'भविष्यात मासे कमी नसतात, दोचेव.'
मग मंगळावर मासे मुबलक झाले.
आई त्या पहाटे चार वाजता रांगेत उभी राहिली होती.
शेपटीकडचा तुकडा तळता तळता
ती नुसती हसली.

टाइप तीच करायची.
एकोणऐंशीत यंत्राचं एक अक्षर मोडलं,
उताण्या भुंग्यासारखं दिसतं ते.
सुटा भाग काही मिळाला नाही.
आई तिथे जागा सोडायची
आणि रात्री बाबा शाईने एकेक भुंगा बसवायचे,
पण फक्त वरच्या प्रतीवर.
कार्बनखाली ती जागा मोकळीच राहायची.

आमच्या भाषेत आयुष्य त्याच अक्षराने सुरू होतं.
बाईसुद्धा.
आणि तहान.

भाकितं बहुतेक चुकली.
दोन हजार सालापर्यंत पाऊस बटणावर येणार होता,
घोडे नामशेष होणार होते.
सरकार पडेल हे काही त्यांनी लिहिलं नाही.
'एवढं अशक्य छापलं कोणी असतं?'

पुढे प्रकाशनाच्या जागी बुटांचं दुकान आलं,
पुस्तकं किलोवर गेली.
बाबा मुद्दाम बघायला आले,
खाली वाकून तोल न्याहाळला,
म्हणाले, काटा दोनशे ग्रॅम मारतोय.
रद्दीवाल्याशी तासभर भांडले.
पुस्तकांबद्दल चकार शब्द नाही.

शेवटची कादंबरी छापलीच नाही.
वरची प्रत बुटांच्या दुकानाखाली कुठेतरी गेली असेल.
माझ्याकडे उरलीय तिसरी, निळसर, पुसट,
आणि ती काट्याची वही.
दोन्ही शेजारी ठेवून हिवाळाभर
मी स्वयंपाकघरात मोकळ्या जागा भरतेय.
अक्षराला एक भुंगा. हात दुखतो.

दोनशे बाराव्या पानावर
गुरूच्या चंद्रावर, पहाटे चार वाजता,
माशांसाठी रांग लागली आहे.
शेवटून तिसरी एक बाई,
पायात नवऱ्याचे मोजे,
पुढच्याला विचारते आहे: आज कुठले आलेत?

बाबांच्या वहीत ही रांग नाही.
मी तीनदा पाहिलं.
गव्हाच्या आकड्यांतही नाही, समासातही नाही.

त्या 'बाई'पुढची जागा
अजून तशीच ठेवली आहे.
आईने स्पेसबारवर एकदा बोट टेकवलं असेल,
एरवी टेकवायची तसंच.