मुलगी नंबर एक

सिनेमात ती अकराव्या मिनिटाला मरते.
मालिकेत तिला सहा भाग जगवायचंय,
असं चॅनेलचं म्हणणं आहे.
बाकीची पोरंही घाईनं मारायची नाहीत,
दर शुक्रवारी एक, तेही परीक्षा संपल्यावर.
प्रत्येकाला एक मोबाइल, एक गुपित,
एखादं प्रेम, शक्यतो एकतर्फी.
आणि रक्त बेतानं,
बघणारी सोळा-सतराची आहेत.

वही घेऊन निपाणीला उतरलो.
स्टँडावर पाटी कानडीत,
पाटीखालचं भांडण मराठीत,
चहावाल्यानं सुट्टे दोन्हींत मागितले.

गोदाम अजून आहे, पत्रे बदललेत.
एकोणनव्वद साली इथंच
बारदानाचा बुरखा घालून तो फिरला,
हातात विळा, दीड तास, मुका.
मुका का, यावर चॅनेलनं दोन मीटिंगा घेतल्या.
बालपणीचा आघात? आईचा शाप?
निर्मात्याचा हिशेब सरळ होता:
मुका खुनी कागलात मराठीत चालतो,
चिकोडीत कानडीत,
डबिंगचे पैसे वाचतात.

कोंडाक्का दारातच बसली होती, शेंगा फोडत.
"वखारीत चाळणीवर होतो मी.
त्यांची नटी जर्द्यात उभीच राहीना,
मग मला उचलली, तीन दिवसांची हजेरी देऊन."
पडद्यावर नाव आलं नाही.
आलं ते एवढंच: मुलगी नंबर एक.

मरताना काय वाटत होतं, मी विचारलं.
(हा प्रश्न मी गाडीत तीनदा लिहून खोडला होता.)
"मुंग्या," ती म्हणाली.
"रक्त म्हणून काकवी ओतली, कुंकू कालवून.
तीनदा ओतली, कारण दोनदा मी हसलो.
घरी गेलो तर मुंग्या मागनं.
आठवडाभर केसांतनं निघत होत्या.

खरं एक सांगतो, लिहून घे.
पोत्याआड लपवून त्यांनी मला शिंकायला लावलं.
शिंकलो म्हणून सापडलो, सापडलो म्हणून मेलो.
आमच्यात कोण शिंकतंय गा जर्द्याला?
लहानपणापासनं नाकं मेलेली आमची.
शिंकतोय तो परका.
नवा मुकादम आला की पहिल्या दिवशी शिंकायचा,
आन् अख्खी रांग ओरडायची, सतंजीव!
आशीर्वाद की चेष्टा,
त्याला शेवटपर्यंत कळलं नाही."

शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले.
"या खेपेला नाव तरी ठेवलंय का तिचं?"
मायरा, मी म्हणालो.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग आतल्या खोलीकडं बघून हाक मारली,
"श्रावस्ती, पाणी आण गं."
पीयूसीच्या दुसऱ्या वर्षातली नात तांब्या घेऊन आली,
कानात इअरफोन, एकच.

रात्री लॉजवर मायरा खोडली.
पहिला भाग, शेवटचा सीन:
गोदाम. अंधार.
लांब जाणाऱ्या ट्रॅक्टरवर कानडी गाणं.
पोत्यांआड श्रावस्ती, कॉलेजच्या गणवेशात,
दप्तर छातीशी, मोबाइल सायलेंट.
पावलं येतात. थांबतात.
ती शिंकत नाही.
विळा एकेका पोत्यावरून खरखरत येतो,
जर्दा सांडतो, बारीक, पिठासारखा,
बारदानाच्या दोन भोकांत काहीतरी चमकतं,
आत श्वास ओढला जातो, एकदा,
पुन्हा एकदा,
आणि शिंकतो
तो.

ट्रॅक्टरही आता ऐकू येत नाही.
मग पोत्यांआडून,
जीभ चावेपर्यंत उशीर झालेला,
आजीच्या सवयीनं,
"सतंजीव."

इथं काळा पडदा.
उरलेलं पुढच्या शुक्रवारी.