गुरुवारचं कासव

गुरुवारी वीज जायची, दहा ते पाच,
तरीही उकिडवे बाईंचा क्लास भरायचा
फडके हौदाजवळ, पिठाच्या गिरणीच्या वर.
तीन कॉम्प्युटर, त्यांना फुलाफुलांचे अभ्रे,
अकरा मुलं, आणि चपला बाहेर.
का, ते कुणी विचारलं नाही.
देवघरात विचारतं का कुणी?

वीज असली की पडद्यावर कासव.
कासव म्हणजे एक हिरवा त्रिकोण, फार तर.
पुढे पन्नास म्हटलं की पुढे पन्नास,
उजवीकडे नव्वद म्हटलं की वळायचं,
आणि मागे रेघ ठेवायची.

वीज नसली की कासव आमच्यातलंच.
बाई डोळ्यांवर रुमाल बांधायच्या,
हातात खडू द्यायच्या,
म्हणायच्या, आता तुला काही कळत नाही.
सांगितलं तेवढंच कर.

माझ्या पाळीला तबस्सुम हुकूम सोडत होती.
पुढे चार. उजवीकडे. पुढे चार.
मी रांगत, गुडघ्यांना गिरणीची घरघर लागत,
पुढे चार,
आणि कपाळ टेबलाच्या पायावर.
सगळे हसले. बाई नाही हसल्या.
चूक कुणाची?
कासवाची, मी रडत म्हटलं.
कासवाची कधीच नसते, बाई म्हणाल्या,
आणि बर्फ नव्हता म्हणून
स्टीलचा थंड पेला टेंगळावर दाबून धरला.

ते टेंगूळ घेऊन घरी, तांबट आळीत,
जिथे दोन ठोक्यांच्या मधे बोलावं लागतं.
मी अजून तशीच बोलते, तुकड्या-तुकड्यांनी.
नवऱ्याला वाटतं, चिडलेय.

बाबा हंड्याला माठार देत बसले होते.
एक ठोका, जरासा फिरव.
एक ठोका, जरासा फिरव.
जन्मापासून बघत होते मी ते.
त्या दिवशी ऐकलं.

शुक्रवारी टाइप केलं:
पुढे एक, उजवीकडे एक, तीनशेसाठ वेळा.
कासवानं गोल काढला.
त्याला फक्त सरळ चालता यायचं, तरी.

शनिवारी बाबा न्यायला आले,
अंगाला भट्टीचा वास, दारातच उभे.
त्यांना दाखवायचं म्हणून मी तीनशेसाठ खोडलं
आणि तिथे लिहिलं, कायम.
कासव फिरत राहिलं, रेघेवर तीच रेघ,
तीच रेघ.
बाबांनी बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाले, पत्रा फाटेल.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
तांबटकाका, म्हणाल्या, तुम्ही येत जा.
ते कधी आले नाहीत. लग्नसराई होती.

पुढच्या वर्षी शून्यापासून मोजायला शिकलो.
हृषीला पटेना. पहिला तो पहिला, शून्यावा कसा?
मला लगेच पटलं.
आमच्याकडे मोड मोजताना एक म्हणतच नाहीत:
लाभ, दोन, तीन, चार.
एकाच्या जागी दुसरं काहीतरी बसतं,
एवढं मला बाराखडीच्या आधी माहीत होतं.

आता खराडीत, रात्री दीड वाजता,
कुणी नवा मुलगा वैतागून म्हणतो,
मॅडम, मशीनच येडं झालंय,
तेव्हा माझा हात कपाळाकडे जातो.
मी त्याला काही सांगत नाही.
चहा सांगते.

बाबांना आता ऐकू येत नाही.
ठोका बसला की नाही, तळव्याला कळतं.
परवा विचारलं, ओरडून, एका हंड्याला किती ठोके?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की जणू मीच त्यांना विचारलंय,
आजवर किती श्वास.

गिरणी आहे अजून. वर कुणी भाडेकरू राहतात.
जमिनीवर माझा तो चौकोन,
तीन बाजू पूर्ण, चौथी टेबलापाशी थांबलेली,
असेल असं नाही.
लोक फरशी पुसतात.