वीस पेन्नी

ओव्हन सध्या माझ्या ताब्यात आहे.
वेलदोड्याच्या पावाचा वास जाऊन
तिथे आता काळा रंग भाजतो,
दीडशे अंशांवर, तासभर,
आणि बाहेर उणे अकरा असताना
आर्मास खिडक्या उघडत फिरतो.
बोलत काही नाही. लोकरी टोपी घालून जेवतो.

साब शहाण्णव, सत्त्याहत्तर सालची,
इथलीच, उसीकाऊपुंकीच्या कारखान्यातली.
तिचा सांगाडा कोठारात लाकडी ठोकळ्यांवर,
उरलेली ती माझ्या ओट्यावर:
केकच्या साच्याच्या बारा वाट्यांत
बिजागऱ्यांचे बोल्ट, पट्ट्या, स्प्रिंगा, चकत्या,
वाटीगणिक चिठ्ठी,
कारण मागे एकदा एक चिठ्ठी उडाली
आणि डाव्या दाराने महिनाभर माझ्याशी वैर धरलं.

काम तसं भांडी घासण्याचंच.
आधी सोडा आणि उकळतं पाणी,
चाळीस वर्षांचं ग्रीस सायीसारखं वर येतं.
मग रात्रभर व्हिनेगरात.
सकाळी तळाशी काळा गाळ
आणि लोखंड राखाडी, अवघडलेलं;
लगेच पुसून कोरडं केलं नाही
तर चहा होईस्तोवर पुन्हा तांबूस.
त्याला उघडं राहवत नाही.
मग तारेचा ब्रश, मग बादलीतलं जस्त
जुन्या बॅटरी-चार्जरवर, अगदी मंद.
घाई केली की कोंडा धरतो.

हॅम्बर्गचं गिऱ्हाईक लिहितं:
कारखान्यातून निघाली तशी हवी.
सहा वर्षं होते मी तिथे, बाबा.
निघाली तशी म्हणजे कशी, ते मी सांगू?
शुक्रवारी दुपारी तिसरा स्क्रू तिरका बसायचा
आणि आम्ही हातोडीने त्याची समजूत काढायचो.

मंगळवारी व्हिनेगर गाळताना
गाळणीत सगळं राखाडी,
एकच चकती गुलाबी.
कार्ब्युरेटरच्या पट्टीखालची.
चष्मा लावला.
वीस पेन्नी.
मधोमध भोक. सिंहाचं पोट गेलेलं, तलवार शाबूत.
उलट्या बाजूला झाड, बुंध्याविना.

रस्त्यात बंद पडली असेल, म्हटलं,
दुकानं मिटलेली, खिशात फक्त सुटे पैसे.
पण बोट फिरवलं तर
भोकाची आतली कडही गुळगुळीत,
कानशीने, मग बारीक कागदाने.
कुठलीच अडचण एवढा वेळ देत नाही.
त्याच्याकडे चकती होती की काय कोण जाणे.
की ती होती? माझ्यासारखी कुणी,
ओट्यापाशी, नवऱ्याला थंडीत बसवून?

आर्मास म्हणाला, नवी पंधरा सेंटला मिळते.
मिळते.

नाण्याला जस्त दिलं नाही.
साबणाने धुतलं, टॉवेलने टिपलं,
पिवळसर झाक आलेल्या नव्या बोल्टखाली
पुन्हा तिथेच बसवलं, झाड आतल्या अंगाला.
पाना फिरवताना हात जरा सैल ठेवला.
बिलात लिहिलं:
चकत्या, एकेचाळीस, जस्त चढवून.
चकती, एक, होती तशी. वीस पेन्नी.

हॅम्बर्गहून अजून उत्तर नाही.
दुसरा घाणा आत गेलाय, बारा मिनिटं झालीत,
आणि आर्मास दारात उभा, पिठाचा डबा कडेवर घेऊन,
घड्याळाकडे बघत.