डावी विंग

मंडईच्या रात्री माझी जागा ठरलेली:
डाव्या विंगेत, साबणाच्या उलट्या खोक्यावर,
लाल पन्नी गुंडाळलेला बल्ब, मांडीवर वही.
तिसऱ्या अंकाची दोन पानं उंदरांनी नेली,
ती मला पाठ आहेत.

समोर तणसावर बसलेलं गाव, भाऊबीजेला आलेल्या लेकी,
झोपलेली पोट्टी मांड्यांवर आडवी.
वडशाहून आलेली नटी स्वेटर काढते
आणि काकडत वैशाखाचं वर्णन करते.
नायक चैतराम नाकाडे, दिवसा वायरमन.
रडण्यासाठी थांबला तर त्याचा अंगठा जागेवर असतो,
विसरला तर फिरायला लागतो.
बावीस वर्षांत प्रयोगात मी त्याचं तोंड बघितलेलं नाही,
फक्त तो अंगठा.

शब्द लगेच द्यायचा नसतो.
दोन श्वास जाऊ द्यायचे. तिसऱ्याला, ओठांनीच,
पहिलं अक्षर.
बाकीचं माणूस स्वतः आणतो.

दिवसा मी राइस मिलच्या काट्यावर.
धान, कणी, कोंडा, आकडे ओरडून सांगायचे;
कुजबुजायला घसा रात्रीपुरता वाचवून ठेवतो.

बुधवारी समाजमंदिरात सहा बाया सही शिकायला येतात.
पगार नाही, चहा आहे,
तोही त्याच आणतात घरून, किटलीत.
सायत्राबाई हटवार 'स' काढते आणि थांबते.
खडू हवेत. बाकीच्या पाच जणी: काना! काना!
मी म्हणतो, राहू द्या.
एक श्वास. दोन.
काना येतो. वाकडा,
पण तिचा तिनं आणलेला.

नाटकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर रक्तगट आहेत.
भंडाऱ्याच्या दवाखान्यातून फोन येतो, बहुतेक जेवताना.
ओ पॉझिटिव्ह बक्कळ. बी निगेटिव्ह एकटा गुरुदास शहारे,
त्याचा फोन लागत नाही,
बांधावर उभं राहून हाक मारावी लागते.
तो चिखलाच्या पायांनीच मोटरसायकलवर बसतो,
कोणासाठी ते विचारत नाही.
एकदाच विचारलं होतं: "बिस्किट भेटन न?"

बायको म्हणते, तुमच्या वहीत साऱ्या गावाचं आहे,
आपला किराणा तेवढा नाही.
खरं आहे. गूळ परवाही विसरलो.

फेब्रुवारीत दुधराम गेला, आमचा ऑर्गनवाला.
शाळेच्या पटांगणात शोकसभा. सरपंचानं माइक
माझ्या हातात दिला; का, तर याला भाषणं पाठ असतात.
उजेडात उभा राहिलो.
म्हटलं, "दुधराम..."
आणि पुढे काहीच नाही.
खाली बघितलं तर माझाच अंगठा फिरत होता.
दीडशे माणसं. कुठेतरी एक बकरी.
कोणी घाई केली नाही.
मग पहिल्या रांगेतून सायत्राबाई, ओठांनीच:
"काडी."

हो. काडी.
त्याच्या ऑर्गनची एक पट्टी दाबली की वर यायची नाही,
तिच्याखाली आगपेटीची काडी, अकरा वर्षं.
प्रत्येक प्रयोगाला नवी. जुनी कानावर अडकवायचा,
आणि नाटक संपलं की तिच्यावरच बिडी पेटवायचा.
एवढंच बोललो. लोक हसले,
चैतराम हसता हसता उठून नळाकडे गेला.
नळाला पाणी नव्हतं, तरी तिथेच उभा राहिला.

होळीआधीच्या शेवटच्या प्रयोगाला तुमसरचा एक पोरगा आणला.
हात गोड आहे. झाकण उघडलं, काडी दिसली,
काढून फेकली, कचरा समजून.
पहिल्याच पदाला पट्टी बसली ती उठेना.
पोरगा गोंधळला. चैतराम सुराची वाट बघत उभा.
एक श्वास. दोन.
मी विंगेतून दिलं: "काडी."

पोरगा मान वळवून सरळ माझ्याकडे बघतो,
अख्ख्या पब्लिकदेखत.

विंगेकडे बघायचं नसतं,
हे त्याला शिकवायचं राहिलंय.