चतुःसीमा

मौजा हुडकेश्वर, खसरा अठ्ठावन्न बटे दोन,
प्लॉट सत्तेचाळीस, पंधराशे चौरस फूट.
पूर्वेस नऊ मीटरचा रस्ता, पश्चिमेस प्लॉट छप्पन्न,
उत्तरेस अठ्ठेचाळीस, दक्षिणेस सेहेचाळीस.
झोपेतून उठवलं तरी सांगेन.
मेडिकलच्या वॉर्डात कुठल्या खाटेला कुठलं इंजेक्शन
हेही असंच पाठ असायचं.

एकोणनव्वद साली, दर महिन्याला दीडशे,
असं करत करत हेडाऊ सेक्रेटरींच्या हाती सगळे पोचले
आणि स्टॅम्पपेपरवर टाइप झालं:
खरेदीदार, कु. सुलभा निनावे.
हेडाऊ हसले. म्हणाले,
निनावे बाई, आता तुमच्या नावावर काहीतरी झालं बरं का.
तेव्हा तिथे तूर उभी होती
आणि तुरीत चुना फासलेले चार दगड.
मी एका दगडावर पाच मिनिटं बसून आले.

मग आईचा लकवा. मग भावाच्या मुली.
नाइट, ऑफ, नाइट.
फेरफार राहिला. तलाठी म्हणाला उद्या या,
उद्याला माझी ड्यूटी होती.
गुंठेवारीची डिमांड नोट मात्र भरली, नासुप्रच्या रांगेत उभी राहून,
आर.एल. आलं ते डांबरगोळ्यांसोबत कपाटात ठेवलं.
कुंपण घालायचं होतं.
कुंपण घालायला माणूस लागतो, विटा लागतात, एक रविवार लागतो.

रिटायर झाल्यावर, मे महिन्यात,
मिस्त्रीला घेऊन मोजमाप करायला गेले.
प्लॉटवर घर होतं.
निळं गेट, लिंबाचं झाड, खिडकीत घरघरणारा कूलर.
मिस्त्री म्हणाला, मॅडम, चुकीच्या गल्लीत आलो का आपण?

आतून आलेल्या माणसाचं नाव हिरामण लोणारे.
बसा न बाई, उन्हाच्या आल्या तुम्ही.
त्याने बाजेखालून पत्र्याची पेटी ओढली.
त्याचं विक्रीपत्र शहाण्णव सालचं.
सही हेडाऊंची. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस छप्पन्न,
शब्दाला शब्द.
दोन्ही कागद बाजेवर शेजारी शेजारी ठेवून
आम्ही वाचत राहिलो, जणू पत्रिका जुळवतोय.
कूलरचं पाणी उडालं, एका स्टॅम्पपेपरवर दोन थेंब पडले.
लोणारेंनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने ते टिपले.
कागद माझा होता.

सिव्हिल लाइन्समधल्या वकीलबाई म्हणतात,
पहिली नोंदणी तुमची.
एकदा विकल्यावर विकणाऱ्याच्या हाती विकायला उरतं काय?
लोणारेंनी सर्च काढायला हवा होता,
रजिस्ट्रारकडे तुमचा दस्त दिसलाच असता.
पण ताबा त्यांचा.
बारा वर्षं कधीच उलटली, तो मुद्दा ते काढणारच.
तुम्ही तिथे कधी पाऊल ठेवल्याचा पुरावा? एखादा फोटो? कराची पावती?
मी म्हटलं, दगडावर बसले होते.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
आणि वय काय म्हणालात?
एकसष्ट.
मग त्यांनी खालचं कोर्ट, वरचं कोर्ट अशी बोटं मोजली
आणि मध्येच थांबवली.

हेडाऊ वारले. त्यांच्या मुलाने
सोसायटीचं रजिस्टर पुरात गेलं म्हणून सांगितलं.
त्या मजल्यावर पूर कसा चढला, ते विचारलं नाही मी.

नोटिशीचा मसुदा पर्समध्ये आहे.
'सदर इसमाने बेकायदेशीररीत्या अतिक्रमण करून' —
इथवर वाचते, आणि तो दुपट्टा आठवतो.
मग वाटतं, माझ्या दीडशे-दीडशेच्या महिन्यांना
कोणी टिपलं?
रागही येतो. खरंच येतो.
लिंबाच्या झाडाचासुद्धा येतो.

लोणारे दर रविवारी फोन करतात.
तब्येत विचारतात, माझी, भावाच्या मुलींची.
मग थोडं थांबून म्हणतात,
बाई, तुमची ते नोटीस कधी येते?
नाही, म्हणजे दिवाळी आली न.
भिंतीले रंग देऊ, का थांबू?