सत्त्याण्णव, इतर

लष्करात, दाणाओळीच्या मागच्या गल्लीत, तिसरा जिना.
मे महिना, दुपारचे दोन.
टॅबलेट इतका तापलाय
की माझं बोट ओळखायला तयार नाही.

मी म्हणते, सरकारी पाहणी आहे, वीसेक मिनिटं लागतील.
आतून आवाज येतो,
"चपला सावलीत काढ गं, नाहीतर जाताना पाय भाजतील."

कुमुदिनी शितोळे. बासष्ट. कुटुंबप्रमुख.
नवरा मिलमध्ये होता. मिल बंद झाल्यावरही
भोंग्याच्या वेळेला उठून बसायचा,
एके पहाटे तसाच बसून राहिला.
याला माझ्याकडे रकाना नाही.

"गेल्या सात दिवसांत काही काम केलंत?
एका दिवशी, एक तास जरी?"
"मी? छे. मी कुठे काय करते."
आणि पदराआड बोटं चाललेली:
कापूस, दुधाचं बोट, एक पीळ,
फुलवात.
कापूस, दुधाचं बोट.
"पूजेच्या दुकानातला मुलगा नेतो,
हजाराला चाळीस देतो.
ते काय काम आहे? टीव्ही बघता बघता होतं."

विकलं की काम, असं आम्हाला शिकवलंय.
मी बोट टेकवते. अकरा. स्वयंरोजगार.
देशात एक माणूस कामाला लागलं
आणि तिला पत्ताही नाही.

"अजून कोण घरात?"
"हेरंब! खाली ये रे."
एकतीस. एम.एससी., रसायन.
एक परीक्षा पुढे गेली, एकीचा पेपर फुटला,
एकीचा निकाल कोर्टात आहे, अजून आहे.
हे तो सांगत नाही, आई सांगते,
तो कूलरमध्ये पाणी ओततो.

"काम शोधलंत, गेल्या आठवड्यात?"
"नाही."
"मिळालं असतं तर केलं असतं?"

इथे सांभाळून विचारायचं असतं.
हो म्हणेल तो बेकार.
नाही म्हणेल तो बाहेर.
बाहेर म्हणजे नेमकं कुठे,
हे प्रशिक्षणात एकाने विचारलं होतं,
तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

बादली रिकामी झाली तरी तो ती वाकडी धरून उभा.
मग म्हणाला,
"आता नको, ताई."

सत्त्याण्णव. इतर.
बेरोजगारीचा दर त्या क्षणी केसभर उतरला असेल.
कुठल्यातरी थंड खोलीत एक रेघ
उतारावर पाय सोडलेल्या सायकलसारखी
मजेत खाली गेली असेल.

"काय लिहिलंस?"
मी सांगितलं. पहिल्यांदाच तिची बोटं थांबली.
"मी कामावर? आणि हा इतर?
अगं, मला कशाला हवंय ते या वयात.
माझा तास याच्या नावावर चढव.
हेरंब फुलवाती वळतो, असं लिही.
लाजतो, पण वळतो. काय रे, वळतोस ना?"

"आता बदलता येत नाही, काकू," मी म्हटलं.
येतं.
पाठवायच्या आधी वरच्या कोपऱ्यात
एक छोटी पेन्सिल असते.
माझा करार जूनअखेर संपतो,
मी त्या पेन्सिलीला हात लावत नाही.

तो खाली बसला. पाटावरून चिमूटभर कापूस घेतला.
पीळ दिला, फुलवात कलंडली.
"दूध लाव आधी," आई म्हणाली,
जणू इतक्या वर्षांत तेवढंच सांगायचं राहिलं होतं.
दुसरी जराशी उभी राहिली.
तिसरी.

मी घड्याळ पाहिलं. दोन चाळीस.
तास भरायला अजून पुष्कळ वेळ होता,
आणि नियमाने आजचा तास तसाही धरत नाहीत.
गेल्या आठवड्यातला लागतो.

पाणी मागितलं. माठातलं, वाळ्याचं.
पुढची घरं राहिली होती.
दारात आले तर सावली सरकलेली,
चपला उन्हात.